काचपट्टीवरची काजळी

लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली होती, तरी मी बायकोच्या तोंडात कधी डोकावून पाहिलं नव्हतं. तसं पाहण्याचं कारणही नव्हतं. ज्या रविवारी पाहिलं, त्या दिवशी ती चिंचवडच्या आमच्या भाड्याच्या खोलीच्या दारात पाटावर बसली होती, तोंड उन्हाकडे करून, आणि मी चमच्याच्या दांड्याने तिचा गाल आतून ताणून धरला होता.

तिने माझा हात बाजूला केला. "हळू जरा. कारखान्यातली बाटली नाही मी."

मी तेव्हा मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका नव्या कारखान्यात काचेच्या बाटल्या तपासायच्या खात्यात होतो. मागे दिवा, अर्ध्या भागात काळा पडदा, अर्ध्यात पांढरा, आणि त्यांच्यापुढून सरकत जाणाऱ्या बाटल्या. काळ्यासमोर बुडबुडा दिसतो, पांढऱ्यासमोर कचरा दिसतो. दिवसभर हे केल्यावर माणसाला प्रत्येक गोष्ट उजेडात धरून पाहायची खोड लागते. घरात तांदूळ निवडून झाले की मी ताटात हटकून एखादा खडा दाखवत असे आणि त्यावरून बोलणी खात असे.

मी पुन्हा पाहिलं. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला, खालच्या दाढेसमोर, पांढरट डाग होता. करंगळीच्या नखाएवढा. दुधाची साय चिकटावी तसा, पण बोटाने पुसला जात नव्हता.

"हा कधीपासून आहे?"

"असेल बरेच दिवस. जीभ लावली की खडबडीत लागतं. दुखत नाही." ती उठली. "भात उतू जाईल माझा."

डाग होता ती तिची मशेरीची जागा. ज्यांच्या घरात मशेरी नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखू तव्यावर काळी ठिक्कर होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि तिने दात घासायचे. आमच्या साताऱ्याकडे बायका हे लहानपणापासून करतात. सकाळी तर करतातच, पण जेवल्यावर, दुपारी भांडी झाल्यावर आणि निजण्यापूर्वीही करतात. घासून झालं की थोडी गालात राहू द्यायची. तव्यावर तंबाखू चढली की आख्ख्या आळीला ठसका लागायचा; मी कुरकुर केली की बायको म्हणायची, "तुमच्या विडीचा वास मी काढते का कधी?" तिचं खरं असल्यामुळे तो विषय तिथेच मिटायचा.

आता अचानक चमचा घेऊन बसण्याचं कारण असं, की आदल्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या दवाखान्यात आम्हाला थांबवून घेतलं होतं. मुंबईच्या एका रुग्णालयातून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वय चाळिशीच्या आतलं, सुती पातळ, हातात घड्याळ, आवाज मोठा. भाषण वगैरे त्यांनी केलं नाही. म्हणाल्या, "तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा त्याला घास गिळता येत नसतो. तेव्हा आमच्या हातात फार थोडं उरतं. मला त्याच्या आधी पोचायचंय. डोळ्यांना दिसायच्या आधी, दुखायच्या आधी."

ते कसं, हेही त्यांनी सांगितलं. गालाच्या आतलं नाजूक कातडं रोज झिजत असतं आणि त्याच्या पेशी सुटत असतात. लाकडी पट्टीने त्या हलकेच खरवडायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, मुंबईला नेऊन रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. बिघडू लागलेली पेशी चांगल्या पेशीसारखी दिसत नाही. बायकांच्या एका आजारासाठी परदेशात अशी तपासणी सुरू झालेली आहे. तोंडासाठी ती कितपत चालते, हे त्यांना शोधायचं होतं. आमच्याकडेच का आल्या, तर इथे सातारचे, कोकणातले, मराठवाड्यातले आणि गावचे मूळचे असे सगळे एका जागी आहेत, प्रत्येकाची तंबाखू खायची तऱ्हा वेगळी आहे, आणि नोकरी असल्यामुळे तीच माणसं पुढच्या वर्षी पुन्हा सापडतील.

मी हात वर केला. "ही तपासणी चुकते किती?"

मागून कोणीतरी म्हणालं, "झालं! बाटलीवाले राव सुरू झाले."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मलाच विचारलं, "कुठली चूक म्हणता? चांगल्याला वाईट म्हणायची, की वाईटाला चांगलं म्हणायची?"

माझा त्या क्षणी त्यांच्यावर विश्वास बसला. आमच्या खात्यातही या दोन चुका वेगळ्या धरतात. चांगली बाटली फेकली तर माल वाया जातो. वाईट बाटली सुटली तर ती कोणाच्या तरी हातात फुटते. मी म्हणालो, "दोन्ही."

"दोन्हीचं उत्तर मला माहीत नाही. तेच मोजायला आलेय."

त्यांच्या मोजणीतले काही आकडे पुढे मला कळले, पण ते मी इथे देणार नाही. ते त्यांचे आहेत, आणि त्यांनी स्वतः छापून आणायच्या आधी मी सांगणं बरं नाही.

पुढच्या रविवारी दवाखान्यात तपासणी ठरली. कामगारांनी घरच्या माणसांनाही आणायचं होतं. पुरुष आले असते, बायका आल्या नसत्या. त्या आल्या त्या आमच्या घरमालकिणीमुळे. त्या चिंचवडातल्या जुन्या शेतकरी घरातल्या, माहेर मोशीचं, आळीत सगळे त्यांना मावशी म्हणत. त्या दारोदार फिरल्या.

"मुंबईची बाई आलीया त्वांड बघाया. पैका घेत न्हाई, सुई टोचत न्हाई. चला उठा."

"माझ्या तोंडात काय बघायचंय, मावशी?"

"ते ती बघल. तुला कुटं दिसतंय?"

दवाखान्याच्या ओसरीवर एका बाजूला पुरुषांची रांग, दुसऱ्या बाजूला बायकांची. आत एकच खुर्ची आणि एकच डॉक्टरीणबाई, त्यामुळे रांग मुंगीच्या पायांनी सरकत होती. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते; आमच्या रांगेत सहा पैशांचा आणा धरला तर रुपयाला चार पैसे कुठे जातात यावर वाद चालला होता, आणि मी त्यात पडलेला होतो. बायकांच्या बाजूला हसणं-खिदळणं चालू होतं. मावशींनी कनवटीची मशेरीची डबी काढली होती.

"आगं, डाक्टरापुढं वास मारतं त्वांड घिऊन जायाचं व्हय? घ्या, घासा. तांब्या हाय हितं."

एकीने घेतली, तिने दुसरीला दिली. कारखान्याच्या नळावर जाऊन सगळ्यांनी खळखळून चुळा भरल्या. पाहुण्याकडे जाताना माणूस तोंड धुऊन, केस विंचरून जातो, तशाच त्या निघाल्या होत्या. रांग थांबली की डबी पुन्हा फिरे. मी हे पाहत होतो. आमच्याकडे रोज दिसणारी गोष्ट. तिच्याकडे लक्ष जायचं काही कारण नव्हतं.

बायकोच्या वेळी मला आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी छोट्या विजेरीने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "हा डाग मला आवडला नाही. याचा अगदी बारीक तुकडा काढून तपासायला हवा. जागा बधिर करीन, दुखणार नाही."

"सुरी नको," बायको म्हणाली.

"का बरं?"

"आमच्या गावात एकाच्या जिभेला सुरी लावली. तोवर बरा होता. सुरी लागली आणि सगळीकडे पसरलं. सहा महिन्यांत गेला."

"ते आधीच पसरलेलं असतं, बाई. सुरी लागते तेव्हा कळतं, म्हणून सुरीवर नाव येतं."

"असेल," बायको म्हणाली. तिचं 'असेल' म्हणजे काय ते मला माहीत होतं. ते 'नाही'पेक्षा पक्कं असतं. "तुमच्या पट्टीने काय खरवडायचं ते खरवडा. काच काही बोलली तर मग बघू."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं. पट्टी फिरली, काच ओली झाली, तिच्यावर नंबर पडला आणि ती औषधाच्या बरणीत गेली. येताना बायको रस्त्यावरच्या बाभळीखाली थांबली आणि म्हणाली, "तुम्ही काही बोलला नाहीत ते बरं केलंत."

 तुकडा काढायचा की नाही, हे त्या एका काचेवर टांगलेलं राहिलं.

महिनाभराने डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांचा आवाज मोठा नव्हता. पुरुषांच्या काचा नीट आल्या होत्या. बायकांच्या जवळजवळ सगळ्या वाया गेल्या होत्या. रंगवल्यावर काचेवर काळे कणच कण, जशी कंदिलाची काच काजळते तशी. पेशी त्याखाली दडलेल्या. पुष्कळ काचा त्यांनी दोनदोनदा पाहिल्या होत्या. एकही खात्रीने वाचता येत नव्हती.

"आणि हिची?" मी विचारलं.

"हिचीही."

मला वाटतं, त्यांच्या मनात त्या दिवशी दोन दुःखं होती. एक आमचं. दुसरं त्यांचं स्वतःचं: मशेरी लावणाऱ्या बायकांनाच या तपासणीची सगळ्यांत जास्त गरज, आणि नेमकी त्यांच्यावरच ती चालत नसेल, तर ती काय कामाची? त्या म्हणाल्या, "पुढच्या फेरीला बहुतेक फक्त पुरुषच घ्यावे लागतील. वरिष्ठांचं म्हणणं तसंच आहे. गालातच काजळी मुरलेली असेल तर माझी पट्टी काय करणार?" आणि बायकोला पुन्हा विनवलं, की तुकडा काढू द्या.

बायको घरी आल्यावर कणीक मळता मळता म्हणाली, "काच काही बोलली नाही. म्हणजे काही नसेल."

"काच बोलली नाही असं नाही. काच वाचताच आली नाही."

"एकच झालं."

"एक कसं होईल? दिवा गेला आणि बाटल्या अंधारात पुढे गेल्या, तर त्या पास झाल्या असं म्हणतात का?"

"पुन्हा बाटल्या!" तिने परात सरकवली. "मी सांगते तुम्हाला, सुरी नको म्हणजे नको. पोरगी उजवायची आहे अजून. पोरगा शाळेत आहे. सुरी लागून पसरलं तर त्यांचं कोण बघणार आहे? तुम्ही?"

तिला भीती वाटत होती, आणि ती भीती तिने पहिल्यांदाच माझ्यासमोर उघड बोलून दाखवली होती. त्यावर बाटल्यांचा दाखला देऊन मी काय मिळवलं, कोणास ठाऊक. मी बाहेर ओट्यावर जाऊन विडी पेटवली.

तिथे बसल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. पुरुषही तंबाखूच खातात. कोकणातले पानात खातात, मराठवाड्यातले चुना मळून गालात धरतात. त्यांच्या गालात काही मुरत नाही, आणि बायकांच्या गालात मुरतं? मशेरी काळी असते हे खरं. पण बायको ती रोज लावते, आणि मी उन्हात पाहिलं तेव्हा तिच्या गालात मला काळं कुठे दिसलं नव्हतं. पांढरंच दिसलं होतं.

मावशी शेणाची पाटी घेऊन चालल्या होत्या. मी त्यांना थांबवून सगळं सांगितलं, काळ्या काचांसकट. बायकोही दाराशी येऊन उभी राहिली.

मावशींनी पाटी खाली ठेवली. "काळं? मंग काळं न्हाई येनार तर काय येनार, भाऊ? माजी डबी रिकामी झाली त्या दिशी!"

बायकोने तोंडाला पदर लावला. "दोनदा फिरली, मावशी."

"दोनदा कुठली? तीनदा. ती पलीकडली कोकनी बाई, जिला मशेरीचा वास सोसत न्हाई, तीबी घासून गेली. म्हनली, आता सगळ्याच घासतायत तर मी एकटीच कशी जाऊ."

आणि दोघी हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की मावशी पाटीशेजारीच बसल्या. मला हसू उशिरा आलं. मी मनात जुळवत होतो: रांगेत घासलेली, चुळांनी वरवर धुतलेली, पण कण तसेच गालाला चिकटलेले, आणि लगेच त्यावरून फिरलेली पट्टी.

"हे डॉक्टरीणबाईंना कोणी सांगितलं नाही?"

"इचारलं कुनी?" मावशी म्हणाल्या. "दिसातून किती येळा लावता, इचारलं. कधीपास्नं लावता, इचारलं. आत्ता लावून आलीस का, आसं न्हाई इचारलं."

डॉक्टरीणबाई त्या दिवशी दवाखान्यातच मुक्कामाला होत्या. मी जाऊन सांगतो म्हणालो, तर बायको म्हणाली, "तुम्ही नको. तुम्ही दिव्यापासून सुरुवात कराल." तिने चप्पल घातली, मावशींनी हात धुतले आणि आम्ही तिघं निघालो.

तिथे गेल्यावर बायकोने दोन वाक्यांत सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी पेला टेबलावर ठेवला. "रांगेत? माझ्या दारात?"

"तुमच्यापुढं घाण त्वांड घिऊन कसं यायाचं, बाई?" मावशी म्हणाल्या. "आमी काय आडानी हाय?"

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळे पुसत म्हणाल्या, "महिना झाला, मला झोप नाही. वरिष्ठांना पत्र लिहायला घेतलं होतं, की ही पद्धत बायकांना लागू पडत नाही." मग एकदम गंभीर झाल्या. "आदल्या संध्याकाळपासून मशेरी बंद ठेवाल? सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुवायचं. माझी पट्टी फिरेपर्यंत काही नाही. जमेल?"

मावशी आणि बायको एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं, ही अगदी साधी मागणी आहे. साधी नव्हती. जिने लहानपणापासून मशेरीशिवाय सकाळ पाहिली नाही, तिचं त्याशिवाय डोकं चढतं, पोट साफ होत नाही, हात थरथरतो. आम्ही पुरुष ज्याला सवय म्हणून सोडून देतो, ती त्यांच्या दिवसाची पहिली कडी असते.

"एकादशी करतो तशी करू," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांच्या डब्या मी माज्याकडं घेती. न्हाईतर एकबी बाई धड ऱ्हायची न्हाई. मी धरून."

त्याप्रमाणे पुढच्या शनिवारी संध्याकाळी मावशींच्या फडताळात आळीतल्या डब्या जमा झाल्या आणि किल्ली त्यांनी आपल्या नातीच्या गळ्यात बांधली, म्हणजे स्वतःलाही काढता येऊ नये. रविवारची सकाळ मी विसरणार नाही. सगळ्या आळीत भांड्यांचे आवाज नेहमीपेक्षा मोठे. पोरांना धपाटे नेहमीपेक्षा जास्त. आमच्याकडे चहात साखर नव्हती, आणि मी तसं म्हटल्यावर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. शेजारचा कोकणातला गडी मला नळावर म्हणाला, "भाऊ, हा कॅन्सर लवकर सापडू दे रे बाबा. रोज रोज हे जमायचं नाही."

त्या दिवशी रांगेत कोणी हसत नव्हतं. पण एकही बाई घरी राहिली नाही. बायकोचा नंबर आला तेव्हा तिने आत जाताना मला सांगितलं, "तुम्ही बाहेरच थांबा," आणि मी थांबलो.

या वेळच्या काचा वाचता आल्या. हे सांगायला डॉक्टरीणबाईंनी पत्र पाठवलं नाही, स्वतः आल्या. आणि त्या थेट आमच्या खोलीवर आल्या तेव्हाच मला काय ते समजलं. बायकोने त्यांना पाट दिला, चहा ठेवला.

"काच बोलली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुष्कळ पेशी ठीक आहेत. काही नाहीत. त्यांचं केंद्र मोठं झालंय, गडद झालंय. हा कॅन्सरच आहे, असं मी म्हणत नाही. नाही, असंही म्हणत नाही. माझी तपासणी अजून नवी आहे, तिच्यावर एवढा भार टाकायची माझी तयारी नाही. ती फक्त म्हणतेय, इथे नीट पाहा."

बायकोने विचारलं, "तुमची काच चुकू शकते?"

"हो."

"आणि सुरीने तुकडा काढला तर ते चुकतं?"

"फार क्वचित."

"सुरीने पसरत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या स्वतःच्या आईच्या तोंडात असा डाग असता तर?"

"दुसऱ्याच दिवशी काढला असता."

बायकोने चहा गाळला. कप भरून त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्ही चुकू शकता असं पहिल्या दिवसापासून सांगत आलात," ती म्हणाली. "म्हणून तुमचं ऐकते. काढा तुकडा."

मी वादात बाटल्या आणल्या होत्या, आणखीही आणल्या असत्या. त्या कशानेही तिचं मन वळलं नसतं. ते त्या 'हो'ने वळलं.

तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता. त्याचा निकाल ऐकायला आम्ही मुंबईला गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. गालाच्या कातड्याचे थर असतात. बिघाड वरच्या थरांत झाला होता आणि बराच झाला होता, पण खाली उतरला नव्हता. खाली उतरला की त्याला कॅन्सर म्हणतात, आणि मग तो वाट फुटेल तिकडे जातो.

बायको चित्राकडे पाहत होती. "म्हणजे दुधात विरजण पडलंय, पण लागलं नाही अजून."

"अगदी तसंच."

"मग लागायच्या आत काढून टाका."

त्यांच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. डाग आणि भोवतालची थोडी चांगली जागा काढली. काढलेल्या भागाच्या कडा पुन्हा तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. काही दिवस तिला पेज आणि दूध, तेही उजव्या बाजूने. बोलणं कमी. त्या दिवसांत आमच्या घरात जी शांतता होती तिची मला लवकरच धास्ती वाटायला लागली, आणि ज्या सकाळी तिने सुजलेल्या गालाने का होईना, पण मला तांदळावरून फटकारलं, त्या सकाळी मी कारखान्यात शीळ घालत गेलो.

मशेरी तिने सोडली. सहज सोडली असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोनदा पुन्हा धरली आणि तिसऱ्यांदा टाकली. मावशींनी सोडली नाही. त्यांची काच चांगली आली होती आणि त्याचा त्यांना इतका अभिमान, की जणू मोशीच्या माहेराचंच ते तेज. "माजं बघा, ह्या वयात, कायबी न्हाई!" डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, "मावशी, आज नाही म्हणजे कधीच नाही असं नव्हे." मावशी म्हणतात, "मंग तुमी येतच ऱ्हावा."

त्या येत राहिल्या. वरिष्ठांना लिहायला घेतलेलं पत्र त्यांनी फाडलं, आणि पुढच्या फेऱ्यांत बायकांना वगळलं नाही. आता आदल्या दिवसाची एकादशी हा तपासणीचा ठरलेला भाग आहे. दर काही महिन्यांनी बायकोच्याही गालावर पट्टी फिरते, डाग काढलेल्या जागी आणि दुसऱ्या बाजूलाही.

गेल्या फेरीला त्यांनी पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शक बरोबर आणला होता. दवाखान्याच्या खिडकीपाशी उजेडात ठेवला, आधीच्या खेपेची बायकोची रंगवलेली काच त्याच्याखाली सरकवली आणि तिला म्हणाल्या, "या, बघा. हे तुम्ही."

तिने चष्मा काढला, पुन्हा घातला, एक डोळा मिटला. काही वेळ तिला नुसत्या स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तसं तिने बाजूचं चाक फिरवलं.

"निळं आहे. गुलाबी आहे. पातळ पापुद्रे आहेत." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मधे एक टिकली. प्रत्येकीला एक."

"टिकली केवढी आहे?"

"एवढीशी."

"एवढीशीच हवी. मोठी झाली की मला झोप येत नाही."

मागे रांग खोळंबली होती. मशेरीविना आलेल्या बायका त्या, त्यांच्याकडे धीर कुठला? "अगं ए, तुझं तोंड आहे, जत्रेतला सिनेमा नव्हे. सरक की आता!" पण बायको सरकली नाही. तिने मागच्या बाईचा हात धरून तिला पुढे ओढलं आणि तिचं डोकं त्या नळीवर टेकवलं. "बघ. माझ्या आहेत. डोळा मिट एक. दोन्ही नको मिटू, बया!"

सगळ्या बायका एकामागून एक बघून गेल्या. तपासणीला तासभर उशीर झाला. डॉक्टरीणबाईंनी तो होऊ दिला.

निघताना मी त्यांना माझा जुनाच प्रश्न विचारला, की आता तरी सांगा, चुकते किती? त्या म्हणाल्या, वाईटाला वाईट म्हणायला ती बरी आहे. चांगलं म्हणते तेव्हा किती विश्वास ठेवायचा, ते कळायला आणखी पुष्कळ माणसं आणि पुष्कळ वर्षं लागतील. जाड डाग असला तर पट्टीला खालचं मिळतच नाही, तिथे ती फसते. एका बाईची काच बरोबर निघाली म्हणून तपासणी सिद्ध होत नाही.

मी म्हणालो, "बरोबर आहे." एका बाटलीवरून माल पास करत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण मी त्या वेळी त्यांच्या खांद्यावरून खिडकीकडे पाहत होतो. तिथे माझी बायको कोकणातल्या त्या शेजारणीला, काच न हलवता नुसतं चाक फिरवून चित्र साफ कसं करायचं, ते शिकवत होती.